क्रमशः कुठे लिहावे?

मराठी वाचकाला ‘क्रमशः’ हा शब्द नवा नाही. मासिकातल्या कादंबरीचा हप्ता संपला की पानाच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत तो उभा असे, आणि पुढचा अंक हाती येईपर्यंत वाचक त्या शब्दापाशी थांबून राही. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तक झाले. त्याआधी ते ‘स्त्री’ मासिकातून असेच हप्त्याहप्त्याने आले होते. आता हाच शब्द मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. इंटरनेटवर भागाभागाने प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेला वेबकॉमिक म्हणतात. त्याला छापखाना लागत नाही, वितरक लागत नाही, आणि ‘तुमचा विषय आमच्या वाचकांना रुचणार नाही’ असे कळवणारा प्रस्थापित संपादकही लागत नाही. ज्यांच्या लेखनाला शतकानुशतके कागद मिळाला नाही त्यांच्या मुलामुलींना हे साधन हवेसे वाटावे, यात आश्चर्य काही नाही.

ही मुले माझ्याकडे येतात तेव्हा हटकून एक प्रश्न विचारतात : सर, भाग कुठे थांबवायचा? हा प्रश्न निव्वळ तंत्राचा आहे, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. ती समजूत एका म्हाताऱ्या बाईने मोडून काढली.

आमच्या तालुक्याच्या गावी रविवारी एक अभ्यासवर्ग चालतो. तिथल्या तीन मुलींनी वस्तीतल्या एका आजीची हकिकत चित्रांतून सांगायला घेतली. १९७२ च्या दुष्काळात आजी पाझर तलावाच्या कामावर होती. कामावर पाण्याचे पिंप एकच, आणि आमच्या बायांनी त्याला हात लावायचा नाही. कोणी वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून बसायचे. एका दुपारी कोणी ओतायला आले नाही, तेव्हा आजीने आपल्या हाताने पाणी घेतले. मुकादम काठी उगारून धावला. मुलींनी दुसरा भाग इथेच संपवला. वर आलेला हात, काठी, खाली आजीचा वर वळलेला चेहरा, आणि ‘क्रमशः’. मला स्वतःला तो शेवट फार परिणामकारक वाटला. मुलींना मी शाबासकीही दिली, हे इथे कबूल केले पाहिजे.

आजीच्या नातवाने तो भाग आजीला मोबाईलवर दाखवला. पुढच्या रविवारी आम्ही तिच्याकडे गेलो. जय भीम झाला, चहा झाला, आणि मग ती मुलींना म्हणाली, “पोरींनो, आठ दिस मला त्या काठीखाली उभं केलंत व्हय गं? त्या दिवशी बी एवढा येळ लागला नव्हता.”

यावर काय बोलावे हे आम्हा कोणालाच सुचेना. थोड्या वेळाने तीच पुढे बोलली : “काठी बसली. बसायचीच होती. मग मी घमेलं पालथं घातलं. मागनं समद्यांनी घातली. त्ये कुठं हाय?”

आजीच्या तक्रारीचा अर्थ नीट उलगडून पाहिला पाहिजे. उगारलेल्या काठीवर भाग तोडला की वाचकाच्या मनात एकच प्रश्न उरतो : काठी बसते की नाही? पण हा प्रश्न खोटा आहे. काठी बसणार हे आजीला ठाऊक होते, मुकादमाला ठाऊक होते, आणि आपल्या समाजव्यवस्थेची थोडीशी ओळख असलेल्या कोणत्याही वाचकाला ठाऊक असते. जे सर्वांना ठाऊक आहे ते गुपित म्हणून राखून ठेवायचे, आणि एका बाईचा अपमान आठवडाभर टांगून वाचकाला परत बोलवायचे, एवढेच आम्ही केले होते. खरा प्रश्न काठीनंतर सुरू होतो. मार खाल्लेली बाई आता काय करील, आणि बाकीच्या काय करतील, हे त्या दुपारी कोणालाच ठाऊक नव्हते. मुकादमाला तर नव्हतेच.

मग काठीवर तोडण्याची ही रीत मुलींना शिकवली कोणी? ती कोणी वर्गात शिकवत नाही. वाचता वाचता अंगात भिनते. तिच्यामागे बाजाराचे गणित आहे. जपानमध्ये ‘शोनेन जम्प’ हे चित्रकथांचे साप्ताहिक १९६८ पासून निघते. वाचक पसंतीची पोस्टकार्डे पाठवतात आणि जी मालिका पसंतीत मागे पडते ती बंद होते. असा नियम असला की दर आठवड्याचे शेवटचे पान हे त्या चित्रकाराच्या भाकरीचे पान होऊन बसते. दक्षिण कोरियात २००३-०४ पासून मोठ्या संकेतस्थळांनी चित्रकथा सुरू केल्या. पाने उलटण्याऐवजी बोटाने वर सरकवत वाचायची, एकाखाली एक चौकटींची लांब पट्टी अशी त्यांची घडण. त्यांना वेबटून म्हणतात. तिथे २०१४ पासून काकाओ या कंपनीने एक युक्ती आणली : ठरावीक वेळ थांबलात तर पुढचा भाग फुकट, आत्ता हवा असेल तर पैसे मोजा. म्हणजे वाचकाची अधीरता हीच विक्रीची वस्तू झाली. जिथे अधीरता विकली जाते तिथे भागाचा शेवट अधीरता वाढवणाराच असणार. यासाठी त्या चित्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही. आठवड्याला साठ-सत्तर रंगीत चौकटी काढणारा माणूस हाही एक कामगारच आहे.

कथा अर्धवट तोडण्याला आपला विरोध आहे असेही कोणी समजू नये. ‘अरेबियन नाइट्स’मधली शहरजाद रोज पहाटे गोष्ट तोडत असे ती स्वतःचा गळा वाचावा म्हणून. ती स्वतःचे मरण लांबवत होती. आम्ही दुसरीच्या अंगावरचा मार लांबवत होतो. तोडणे दोन्हीकडे आहे, पण कोणाच्या जिवावर तोडले, हा फरक लहान नाही.

आता हे एका ओळखीच्या प्रसंगावर लावून पाहू. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या ज्या टिपणात गोरेगावचा प्रवास सांगितला आहे ते टिपण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने १९९० साली पुस्तिका म्हणून निघाले, आणि १९९३ मध्ये शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात आले. प्रसंग १९०१ चा. वडील गोरेगावी दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदकामावर, खजिनदार. साताऱ्याची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूरला उतरतात. घ्यायला कोणी आलेले नसते. कपड्यांवरून ही बड्या घरची पोरे असतील असे समजून स्टेशनमास्तर चौकशी करतो. नऊ वर्षांचा भीमराव सहज सांगून टाकतो की आम्ही महार. मास्तरचा चेहरा पालटतो आणि तो आपल्या खोलीत निघून जातो.

कोणत्याही नवशिक्या चित्रकाराला पहिला भाग या पालटलेल्या चेहऱ्यावर थांबवावासा वाटेल. चौकट मोठी, फुगा रिकामा, खाली ‘क्रमशः’. पण असे केले तर भागातले शेवटचे माणूस स्टेशनमास्तर ठरतो. वाचक आठ दिवस कोणाचा चेहरा घेऊन फिरणार? घृणा करणाऱ्याचा. ज्याला आत्ता काहीतरी नव्याने कळते आहे तो मुलगा चौकटीच्या बाहेर राहतो.

थोडे पुढे चला. फलाटाबाहेर बैलगाड्या उभ्या आहेत, पण बाटायला एकही गाडीवान तयार नाही. मुले दुप्पट भाडे देऊ करतात, तरी पैसा चालत नाही. शेवटी स्टेशनमास्तरच तोड काढतो : मुलांनी दुप्पट भाडे द्यावे, गाडी स्वतः हाकावी, आणि गाडीवानाने शेजारून पायी चालावे. गाडीवानाला पैसाही मिळतो आणि विटाळही टळतो, म्हणून एकजण कबूल होतो. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास गाडी हलते. पोरांच्या हाती कासरा, आणि गाडीचा मालक पायी.

माझ्या मते पहिला भाग इथे संपतो. या एका चित्रात सारी जातिव्यवस्था उभी आहे, तिच्या वेडेपणासह. पैसा मोजूनही माणूस गिऱ्हाईक होऊ शकत नाही, हे व्याख्यान न देता दिसते. भागाचा अर्थ पुरा होतो, आणि तरी वाट पुढे आहे, अंधार पडतो आहे, मुले लहान आहेत. वाचक पुढच्या आठवड्यात येईल. पण कोणाचा अपमान अर्धा राहिला आहे म्हणून येणार नाही, या मुलांची त्याला काळजी वाटते म्हणून येईल. उत्कंठा आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा भाग रात्रीचा. वाटेत पाण्याशी गाडी थांबते, पण ते पाणी शेणामुताने घाण झालेले. मध्यरात्री टोलनाक्यावर पोचल्यावर मुले पाणी मागायला जातात. गाडीवानाने पढवल्याप्रमाणे मुलगा आपण मुसलमान आहोत असे उर्दूत सांगतो. तरी नाकेदार म्हणतो की तुमच्यासाठी पाणी ठेवलेय कोणी. डोंगरावर आहे, तिकडे जा. इथेही मोह आहेच : पाणी मागितले, नाकेदाराने मान वर केली, क्रमशः! पुन्हा तोच खोटा प्रश्न. मी हा भाग नकाराच्या पुढे नेईन. नकार येतो, मुले परत गाडीपाशी येतात. जेवण बरोबर आहे, पाणी नाही, म्हणून अन्न शेजारी असताना उपाशी झोपावे लागते. न सोडलेला डबा आणि शेजारी निजलेली मुले, या चौकटीवर थांबावे. पुढे काय होणार हा प्रश्न इथे जवळजवळ नाहीच. तरीही या चौकटीपाशी वाचकाला चटकन पुढे जाता येत नाही, आणि मधला आठवडा त्याला त्यासाठीच लागतो.

तिसऱ्या भागात खरा धोका आहे. मुले दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगावी पोचतात, आणि मग उलगडते की येण्याची तारीख कळवणारे पत्र आले होते, पण नोकराने ते वडिलांच्या हाती दिलेच नाही. कथेच्या बाजारात याला कलाटणी म्हणतात आणि ती अगदी शेवटच्या चौकटीसाठी राखून ठेवतात. तसे केले तर काय होईल? सगळ्या रात्रीचे कारण तो विसराळू नोकर ठरेल. पत्र वेळेवर मिळाले असते तर हे घडलेच नसते, असे मनाशी म्हणून वाचक निश्चिंत होईल. भागाच्या शेवटी जे उभे असते ते वाचकाला निकालासारखे वाटते, आणि निकाल नोकरावर लागला की गाडीवान सुटतो, नाकेदार सुटतो, सारी व्यवस्था निर्दोष सुटते. म्हणून पत्राची गोष्ट भागाच्या मध्येच, सहज सांगून टाकावी, आणि शेवट मुलाच्या मनाशी न्यावा. घडलेले काहीही न बदलता, नुसती जागा बदलल्याने आरोपी बदलतो! भाग कुठे संपवायचा याला मी तंत्राचा प्रश्न म्हणत नाही, याचे याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही.

हाच प्रवास २०११ साली ‘भीमायन’ या चित्रपुस्तकात आला आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्याची चित्रे काढली. माणसांना चौकोनांत कोंडायला त्यांनी नकार दिला; भिंतीवर काढायच्या दिग्ना नक्षीने त्यांनी पाने विभागली. पुस्तकाचे भागही उत्कंठेवर पाडलेले नाहीत. पाणी, निवारा, प्रवास असे ते विषयावर पाडले आहेत. माणसाला काय नाकारले गेले, त्यावरून प्रकरण ठरते. ते पुस्तक एकदम हाती येते, दर आठवड्याला येत नाही, हे खरे. पण प्रकरण पाडण्याचा हा वेगळा पाया हप्त्याने काढणाऱ्यानेही डोळ्यांपुढे ठेवावा.

हप्त्याने आलेल्या चित्रकथांतही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आर्ट स्पीगलमन यांची ‘माउस’ १९८० पासून ‘रॉ’ या नियतकालिकातून प्रकरणाप्रकरणाने येत होती. नाझींच्या छळातून वाचलेले वडील आपली हकिकत चित्रकार मुलाला सांगतात. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी वडील आपल्या तरुणपणाची एक खाजगी गोष्ट पुस्तकात घालू नकोस असे बजावतात आणि मुलगा वचन देतो. ती गोष्ट तर वाचकाने नुकतीच वाचलेली असते! त्या शेवटाने लेखक स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो : दुसऱ्याचे दुःख सांगण्याचा माझा अधिकार किती? आमच्या आजीने आम्हाला हेच विचारले होते. आम्ही तो प्रश्न चित्रात घालण्याऐवजी चहाबरोबर ऐकून घेतला.

केइजी नाकाझावा हे हिरोशिमाच्या अणुबाँबमधून वाचलेले. त्यांची ‘हादाशी नो गेन’, म्हणजे अनवाणी गेन, १९७३ साली त्याच ‘शोनेन जम्प’मध्ये सुरू झाली, पुढे ती इतर नियतकालिकांत गेली आणि १९८७ पर्यंत चालली. बाजारू साप्ताहिकात राहूनही लेखक आपला शेवट आपल्या हाती ठेवू शकतो, हे त्यांच्या पहिल्या खंडावरून कळते. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली जळतात, आणि खंड त्या ज्वाळांवर संपत नाही. त्याच दिवशी आईला मुलगी होते, तिथपर्यंत तो जातो. याला कोणी गोड शेवट म्हणू नये. त्या मुलीला पाजायला दूध कुठून येणार, हा प्रश्न त्या चित्रात उघडा आहे.

आणखी एका मालिकेचे नाव कार्यकर्त्यांसाठी मुद्दाम घेतो. चोई ग्यू-सोक या कोरियन चित्रकाराची ‘सोंगोत’ २०१३ ते २०१७ या काळात नेव्हर या संकेतस्थळावर आली. सोंगोत म्हणजे आरी. दाबून ठेवली तरी टोक बाहेर काढते ती आरी. आपल्याकडे या हत्याराची ओळख करून द्यायला नको. परदेशी मालकीच्या एका मोठ्या दुकानात हाताखालच्या माणसांना काढून टाकण्याचा हुकूम एका अधिकाऱ्याला मिळतो, तो नकार देतो, आणि त्यातून युनियन उभी राहते. सभा, सह्या, कामगार कायद्याचे वर्ग, भीती, माघार असा सगळा रोजचा ऐवज तिथे आहे. सही कोण करील आणि कोण कच खाईल, एवढ्यावरही वाचक आठवडाभर थांबू शकतो. संघटनेच्या कामात उत्कंठा नसते असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा वर्गणी गोळा करायला निघावे.

थोडे हाताच्या कामाविषयी. मोबाईलवर पान उलटत नाही, म्हणून पान उलटताच बसणारा धक्का तिथे मिळत नाही. त्याऐवजी दोन चौकटींमधली मोकळी जागा असते. शेवटच्या चौकटीआधी ती वाढवली की वाचकाचे बोट थोडे जास्त सरकते आणि तेवढा वेळ मन थांबते. ही जागा प्रत्येक भागात वाढवली तर मात्र ती सवय होते आणि वाचक तिला फसत नाही. शेवटच्या चौकटीत शक्यतो शब्द नसावेत. असलेच तर ज्याची कथा आहे त्याचे असावेत, निवेदकाचे नसावेत. सगळे भाग एकाच लांबीचे असावेत असा काही नियम नाही. एक चाळीस चौकटींचा आणि पुढचा पंधरांचा झाला तरी बिघडत नाही. कंपनीला ते चालत नाही. आपण कंपनीसाठी काढत नाही. एक गोष्ट मात्र शिस्तीने पाळावी : भाग काढायला घेण्यापूर्वी शेवटची चौकट कागदावर पेन्सिलीने आखून ती ज्याची हकिकत आहे त्याला दाखवावी. आणि तीन-चार भाग हातात तयार असल्याशिवाय पहिला भाग प्रसिद्ध करू नये. नाहीतर थकलेला हात जिथे थांबतो तिथेच कथा थांबते, आणि त्याला आपण कला म्हणू लागतो.

मुलींनी दुसरा भाग मागे घेतला आणि नव्याने काढला. काठी आता भागाच्या मध्यावर, दोन लहान चौकटींत बसते. पुढे आजी जमिनीवरून उठते, घमेले डोक्यावर घेते असे वाटते, आणि ते पालथे घालते. शेवटच्या चौकटीत माणूस एकही नाही. तलावाच्या कोरड्या खड्ड्यात पालथ्या घमेल्यांची ओळ, एवढेच. प्रसिद्ध करण्यापूर्वी ती चौकट घेऊन आम्ही पुन्हा आजीकडे गेलो. तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले, घमेली बोटाने मोजली, आणि म्हणाली, “ह्यांना कान कशाला काढलेत? आमच्या घमेल्यांना कान नव्हते.”

मुलींनी तिथेच बसून कान खोडले.